लाल विजारीचे राजकारण

१९१४ सालच्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्सचे पायदळ बेल्जमच्या सरहद्दीवरील आर्देनच्या अरण्यात शिरले, तेव्हा त्यातील शिपायांच्या अंगावर निळसर डगला होता आणि कमरेखाली लालभडक विजार होती. समोर ठाकलेल्या जर्मन सैन्याने काही वर्षांपूर्वीच करड्या-हिरवट रंगाचा वेश धारण केला होता. इंग्रजांचे सैन्य खाकीत होते. रशियाने आणि ऑस्ट्रियानेही आपापल्या पायदळाचे झगझगीत रंग उतरवून ठेविले होते. आणि रुचीच्या व बुद्धीच्या बाबतीत साऱ्या युरोपने ज्याचा कित्ता गिरवावा अशी ज्या राष्ट्राची ख्याती, त्या राष्ट्राने मात्र आपली तरुण मुले लांबून नजरेत भरावीत अशा वस्त्रांत मशीनगनच्या तोंडी उभी केली. २२ ऑगस्ट या एकाच दिवशी सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक मृत्युमुखी पडले.

या संहाराचा सगळा दोष एका विजारीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. जर्मन तोफखान्याची सरशी, सकाळचे दाट धुके, आणि काहीही होवो, संगिनी रोखून चालून जावे हा त्या काळच्या फ्रेंच सेनापतींचा आंधळा आग्रह, ही कारणे अधिक मोठी होती. परंतु ती विजार तेथवर पोहोचली कशी, हा प्रश्न एकदा विचारला म्हणजे त्याच्या उत्तरात शेतकरी येतात, रंगारी येतात, रसायनशास्त्रज्ञ येतात, वृत्तपत्रांचे संपादक आणि मंत्रिमंडळातील वजनदार मुत्सद्दीही येतात. आणि ज्या इतिहासाला आपण तह, लढाया व वंशावळी यांचा इतिहास समजत आलो, तो अगदी निराळ्या अंगाने दिसू लागतो. युरोपचा अर्वाचीन इतिहास आपल्याकडे ज्या पद्धतीने शिकविला जातो, तीत वस्त्रप्रावरणाला जागा नाही. तो विषय रविवारच्या पुरवणीतील सौंदर्यप्रसाधनांच्या शेजारी टाकून दिलेला आहे. ही वाटणी मला सर्वथा अयोग्य वाटते. पेहराव, युद्ध, यंत्रविद्या आणि राज्यकारभार या चार गोष्टी त्या खंडात कधीच वेगळ्या नांदल्या नाहीत, आणि त्यांतील एक गाळून उरलेल्या तिघांचा अर्थ लावू पाहणारा अभ्यासक अर्धाच इतिहास वाचतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील बहुतेक सैन्यांना एकच असा गणवेश नव्हता. शिपाई आपल्याजवळ असेल ते घालून येई, आणि कोण कोणत्या पक्षाचा हे खांद्यावरून घेतलेल्या रंगीत पट्ट्यावरून किंवा टोपीत खोवलेल्या डहाळीवरून ओळखावे लागे. सैन्य राजाच्या खजिन्यातून पोसले जाऊ लागले, शिपायांची हजेरी दप्तरात नोंदली जाऊ लागली, आणि हजारो वार कापड एकाच कंत्राटाने विकत घेणे सरकारला शक्य झाले, तेव्हाच एकरंगी पलटणी मैदानात दिसू लागल्या. म्हणजे गणवेश हा प्रथमतः शौर्याचा नव्हे, तर कारकुनीचा विजय होता. फ्रान्सचा चौदावा लुई याने ही व्यवस्था पुष्कळ पुढे नेली. आणि त्याच राजाने व्हर्सायच्या दरबारात कोणी कोणती वस्त्रे ल्यावी याचे दंडक घालून आपल्या सरदारवर्गाला रेशमाच्या व लेसच्या खर्चात असे गुंतवून टाकले, की मुलुखात गढ्या बांधून बंड करण्याची त्यांची ताकद क्षीण होत गेली. त्याचा अर्थमंत्री कोल्बेर याने तर लेस, आरसे, चित्रजवनिका आणि रेशीम यांचे कारखाने सरकारी आश्रयाने उभारून फ्रेंच रुचीलाच राज्याच्या उत्पन्नाचे साधन बनविले.

पण त्याच लुईने १६८५ साली प्रॉटेस्टंट प्रजेला दिलेले धर्मस्वातंत्र्याचे फर्मान रद्द केले, आणि त्या पंथाचे कसबी विणकर हजारोंच्या संख्येने परागंदा झाले. त्यांपैकी कित्येकांनी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात माग मांडले, कित्येकांना ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्याने मुद्दाम बोलावून आश्रय दिला. जी विद्या फ्रान्सची मक्तेदारी म्हणून जपली होती, ती एका धार्मिक हट्टापायी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेली. पुढच्याच वर्षी, १६८६ मध्ये, छापील सुती कापडावर फ्रान्सने बंदी घातली. हिंदुस्थानातून, विशेषतः गुजरात व कोरोमंडल किनाऱ्यावरून जाणाऱ्या छिटांची तेथील स्त्रीपुरुषांना इतकी गोडी लागली होती, की रेशमाचे व लोकरीचे कारखानदार हवालदिल झाले होते. ही बंदी १७५९ पर्यंत टिकली; इंग्लंडनेही १७२१ साली असाच कडक कायदा केला. मात्र कापडावर जकात बसविता आली, कापड जप्त करता आले, तरी लोकांच्या मनातील हौस जप्त करता आली नाही. तसलेच कापड आपल्याच देशात यंत्राने कसे काढता येईल, या ध्यासातून इकडे लँकेशायरची सूतयंत्रे आणि तिकडे ओबरकांफ याचा जुई येथील छपाईचा कारखाना उदयास आला. औद्योगिक क्रांतीची कारणे सांगताना कोळसा आणि लोखंड यांचा पाढा वाचणाऱ्यांनी मसुलीपट्टणच्या छिटांचे नाव टाळावे, हे मला फार खटकते.

रशियाच्या पीटरचे उदाहरण प्रसिद्धच आहे. १६९८ मध्ये पश्चिम युरोपच्या प्रवासाहून परतताच त्याने स्वहस्ते सरदारांच्या दाढ्या कापल्या, पुढे पाश्चात्य वेशाची सक्ती केली, आणि १७०५ मध्ये दाढीवर कर बसवून तो भरणाऱ्याला पावती म्हणून धातूचे बिल्ले दिले. त्याला नवे सैन्य आणि नवे आरमार उभारायचे होते, आणि जुन्या वेशातला माणूस नव्या कवायतीला राजी होणार नाही, अशी त्याची खात्री होती.

याच्या नेमके उलट टोक फ्रेंच राज्यक्रांतीने गाठले. गुडघ्यापाशी बांधलेली तंग रेशमी विजार हे सरदार-श्रीमंतांचे लक्षण होते. पॅरिसचा कारागीर आणि मजूर घोट्यापर्यंतची साधी विजार वापरी, आणि क्रांतीच्या काळात त्याने तीच अभिमानाने मिरविली. २९ ऑक्टोबर १७९३ रोजी क्रांतिकारी सभेने असा ठराव केला, की कोणत्याही नागरिक स्त्रीपुरुषास अमुक एक वेश करण्याची सक्ती कोणीही करू नये, आणि जो करील तो सार्वजनिक शांततेचा शत्रू समजावा. युरोपच्या राजकीय इतिहासातील अत्यंत मोलाच्या ठरावांपैकी हा एक आहे असे मी मानतो, आणि त्याचा उल्लेख आपल्या पुस्तकांतून क्वचितच आढळावा याचे मला दुःख होते. अर्थात क्रांतीचे तिरंगी फूल टोपीवर लावण्याची सक्ती त्या सभेने कायमच ठेवली होती. आणि अवघ्या सात वर्षांत, नोव्हेंबर १८०० मध्ये, पॅरिसच्या पोलीस खात्याने हुकूम काढला की पुरुषी वेश करू इच्छिणाऱ्या स्त्रीने प्रकृतीचे कारण दाखवून पोलिसांचा परवाना घ्यावा. विख्यात पशुचित्रकार रोझा बोन्यर हिला गुरांच्या बाजारात रेखाटने करण्यासाठी विजार घालावयाची, तर १८५० च्या दशकात असा परवाना काढावा लागला. पुढे १८९२ आणि १९०९ साली ही बंदी थोडी सैल झाली, ती हाती घोड्याचा लगाम असेल किंवा सायकलची मूठ असेल तर विजार चालेल इतकीच. समतेच्या घोषणांनी एका शतकात जे साधले नाही, ते दोन चाकांच्या एका यंत्राने काही अंशी तरी साधले. आणि तो हुकूम निष्प्रभ असल्याचे फ्रेंच सरकारने जाहीर करावयाला २०१३ साल उजाडले.

आता पुन्हा त्या लाल विजारीकडे वळू. १८२९ साली, राजा दहावा शार्ल गादीवर असताना, ती फ्रेंच पायदळाला दिली गेली. क्रांतिकारकांची पायघोळ विजार तोवर राजाच्या सैन्यानेही स्वीकारली होती. रंग मात्र निवडला तो मंजिष्ठेचा, आणि त्या निवडीमागे दक्षिण फ्रान्समधील मंजिष्ठा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना हक्काचे गिऱ्हाईक मिळवून देण्याचा हेतू होता असे मानले जाते. आव्हीन्यों शहराभोवतालच्या मुलुखात ही लागवड जोमाने सुरू झाली ती अठराव्या शतकात, जाँ आल्तेन नावाच्या एका आर्मेनियन गृहस्थाच्या खटपटीने. हे पीक सबुरीचे आहे. मूळ जमिनीत सुमारे तीन वर्षे पोसावे लागते. मग ते खोल खणून काढायचे, वाळवायचे, चक्कीत दळून त्याची तांबूस भुकटी करायची. आणि तुरटीच्या पाण्यातून काढलेले लोकरी कापड त्या भुकटीच्या ऊन द्रावणात हळूहळू तापवीत ठेवायचे, तेव्हा कोठे तो पक्का लाल रंग धाग्यात मुरतो. सरकारी कंत्राटामुळे या साऱ्या व्यवहाराला स्थैर्य आले, आणि शिपायाची विजार व शेतकऱ्याचे घर यांचा असा थेट संबंध जोडला गेला. त्या काळी भडक रंग युद्धातही निरुपयोगी नव्हता. काळ्या दारूच्या धुराने रणांगण भरून जाई, आणि त्या धुरात स्वपक्ष कोणता व परपक्ष कोणता हे सेनापतीला केवळ रंगांवरूनच कळे.

ही दोन्ही कारणे, शेतकऱ्याचे हित आणि रणांगणावरील धूर, पुढील साठ वर्षांच्या आत नाहीशी झाली. पहिले नाहीसे केले ते रसायनशास्त्राने. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी लंडनमधील आपल्या घरातल्या लहानशा प्रयोगशाळेत दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून क्विनीन बनविण्याच्या खटपटीत होता. वसाहतींत हिवतापाने खंगणाऱ्या गोऱ्या लोकांना त्या औषधाची नड फार होती. क्विनीन काही बनले नाही. भांड्याच्या तळाशी एक काळपट साका उरला, आणि तो मद्यार्काने धुऊन काढताना सुरेख जांभळा रंग उतरला. पर्किनने रेशमाचा तुकडा त्यात बुडविला आणि नामांकित रंगाऱ्यांकडे नमुना धाडला. पुढच्याच वर्षी लंडनजवळ ग्रीनफर्ड येथे त्याचा कारखाना सुरू झाला. काळही अनुकूल होता. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिला जांभळ्या छटा प्रिय होत्या, आणि जानेवारी १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरिया आपल्या थोरल्या मुलीच्या विवाहात त्याच छटेची वस्त्रे परिधान करून आली. तो विवाह प्रशियाच्या राजपुत्राशी होत होता, आणि त्याच दांपत्याचा मुलगा पुढे १९१४ मध्ये जर्मनीचा सम्राट होता. हा योगायोग आहे, कार्यकारणभाव नव्हे; परंतु राजघराणी, रंग आणि रणभूमी यांची गुंतागुंत त्यातून चांगली दिसते.

रंग इंग्रजाने शोधला, पण उद्योग केला जर्मनांनी. विद्यापीठातील प्राध्यापक, कारखान्यातील रसायनज्ञ आणि बँकांचे भांडवल यांची जी सांगड त्यांनी घातली, तिला युरोपात तोड नव्हती. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोघांनी मंजिष्ठेतील रंगद्रव्य ॲलिझरीन हे डांबरातील द्रव्यापासून तयार केले; लुडविग्सहाफेनच्या बाडिश ॲनिलिन कारखान्याने ते बाजारात आणले; आणि काही वर्षांतच दक्षिण फ्रान्समधील मंजिष्ठेची शेती उद्ध्वस्त झाली. ज्या शेतकऱ्यांसाठी म्हणून फ्रेंच शिपायाने लाल विजार घातली असे सांगत, ते शेतकरी देशोधडीला लागले, विजार मात्र लालच राहिली. आणि ज्या जर्मनीने १८७० च्या युद्धात पराभव करून आल्सास-लोरेन हिसकावून घेतले, त्याच जर्मनीतील रंगावर फ्रेंच पायदळाचा वेश अवलंबून राहू लागला.

दुसरे कारण नाहीसे केले ते खुद्द एका फ्रेंच शास्त्रज्ञाने. पॉल व्येल याने १८८४ मध्ये धूर न करणारी दारू सिद्ध केली, आणि १८८६ ची लेबेल बंदूक ती वापरणारी पहिली लष्करी बंदूक ठरली. धूर गेला, गोळी दूरवर अचूक जाऊ लागली, आणि ज्या रंगामुळे शिपाई आपल्या सेनापतीला दिसत असे, त्याच रंगामुळे तो आता शत्रूला दिसू लागला. इंग्रजांनी हा धडा हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर आणि दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात घेतला. सरहद्दीवरील गाइड्स पलटणीने १८४६ नंतर धारण केलेला मातकट रंग विसाव्या शतकाच्या आरंभी साऱ्या इंग्रज सैन्याचा झाला. एका कोपऱ्यातील हिंदी पलटणीचा वेश साम्राज्याचा वेश बनावा, ही गोष्ट आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. ज्या देशाने ही नवी दारू शोधली, त्या देशाला मात्र तिचा अर्थ उमगला नाही.

उमगला नाही म्हणण्यापेक्षा, उमगूनही मान्य झाला नाही. १९११ मध्ये युद्धमंत्री आदोल्फ मेसिमी यांनी करड्या-हिरव्या वेशाचा प्रयोग करून पाहिला, तेव्हा वृत्तपत्रांनी काहूर उठविले. शिपायाला चिखलाच्या रंगाची वस्त्रे देणे म्हणजे फ्रेंच रुचीचा आणि लष्करी अब्रूचा अपमान, अशा आशयाची टीका झाली. माजी युद्धमंत्री एतिएन यांनी तर लाल विजार म्हणजेच फ्रान्स, ती कदापि जाता कामा नये, असे आवेशाने बजाविले. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. एतिएन मूर्ख नव्हते, आणि त्यांच्या देशभक्तीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण एका किफायतशीर पिकासाठी म्हणून स्वीकारलेला रंग ऐंशी वर्षांत राष्ट्राच्या आत्म्याचे चिन्ह बनला, आणि एकदा तसा बनल्यावर त्याची उपयुक्तता तपासण्याचा अधिकार कोणालाच उरला नाही. राज्यकर्त्यांनी चिन्हावर प्रेम करावे. परंतु त्या प्रेमाची किंमत ज्याला द्यावी लागते तो शिपाई वृत्तपत्रांच्या कचेरीत बसलेला नसतो, आणि विधिमंडळातही बसलेला नसतो. मेसिमींच्या पराभवाचा दोष मी सेनापतींपेक्षा त्या संपादकांकडे अधिक देतो. त्यांच्या हाती लोकमत होते, आणि त्यांनी ते विचार करण्याऐवजी चेतविण्याच्या कामी लावले.

अखेर जुलै १९१४ मध्ये फ्रान्सने नव्या कापडाला मंजुरी दिली, आणि त्यातही राष्ट्रचिन्हाचा मोह सुटला नाही. निळा, पांढरा आणि लाल असे ध्वजाचे तिन्ही धागे एकत्र विणून दुरून मळकट दिसणारे कापड करावयाचे, अशी ती युक्ती होती. पुढच्याच महिन्यात युद्ध पेटले, आणि कळून चुकले की लाल धाग्याचा रंग जर्मनीतून येतो. तेव्हा लाल धागा वगळला, निळा व पांढरा तेवढा राहिला, आणि त्यातून तो फिकट निळा रंग जन्मला, जो क्षितिजनिळा म्हणून पुढे खंदकातील फ्रेंच शिपायाची ओळख ठरला. हे कापड पुरेसे विणून सर्वांच्या अंगावर चढेपर्यंत १९१५ साल उजाडले होते. मधल्या काळातील प्रेतांची गणती करताना मन विषण्ण होते.

इंग्लंडची अवस्थाही बरी नव्हती. आपल्या गिरण्यांना लागणारे बहुतांश रंग ते जर्मनीतून आणीत होते, आणि सरकारला १९१५ मध्ये आपल्या भांडवलानिशी एक राष्ट्रीय रंगकंपनी उभी करावी लागली. जर्मनीत मात्र रंगाचे कारखाने हाच युद्धाचा कणा बनला. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जो क्लोरीन वायू खंदकांवर सोडला गेला, तो याच रासायनिक उद्योगाकडून आलेला होता. हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याची बाडिश कारखान्याची विद्या स्फोटके पुरवीत राहिली, आणि म्हणूनच चिलीचा सोरा बंद होऊनही जर्मनी वर्षानुवर्षे लढू शकली. दोस्त राष्ट्रांना हे पुरते उमजले होते. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाला रंगांविषयी एक स्वतंत्र परिशिष्ट जोडलेले आहे, आणि जर्मनीतील रंगांच्या साठ्यापैकी निम्म्यापर्यंत माल मागून घेण्याचा हक्क त्यात जेत्यांनी राखून ठेविला आहे. तहांचा इतिहास शिकविणारे अध्यापक हे परिशिष्ट उघडून का दाखवीत नाहीत?

युद्धातून वेशही परतून आला. खंदकातील अधिकाऱ्यासाठी शिवलेला पावसाळी डगला शहरातील सभ्य गृहस्थाच्या अंगावर गेला. दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या स्त्रिया आखूड झगे आणि मोकळी वस्त्रे सोडावयास तयार झाल्या नाहीत. दुसऱ्या युद्धात तर १९४१ पासून इंग्लंडने कपड्यांचे रेशनिंग केले आणि खिसे किती, चुण्या किती, हे सरकारी हुकमाने ठरविले.

या साऱ्या कथेचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. ज्या लुडविग्सहाफेनने मंजिष्ठा बुडविली, त्यानेच १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि बिहारमधील निळीचा व्यापार झपाट्याने कोसळला. चंपारण्यातील गोऱ्या निळवाल्यांनी आपली तूट रयतेवर ढकलली. बिघ्यातील तीन कठ्ठे निळीखाली ठेवण्याच्या सक्तीतून मोकळीक देतो म्हणून त्यांनी शरहबेशी, म्हणजे वाढीव सारा, लिहून घेतला. जेथे तसे जमले नाही तेथे रोख रक्कम उकळली. याच जुलमाची चौकशी करण्यासाठी १९१७ मध्ये गांधीजी तेथे गेले. आमच्या शाळांतून चंपारण्य शिकविले जाते ते निळवाल्यांच्या दुष्टपणाची हकीकत म्हणून, आणि तो दुष्टपणा खराच होता. पण ऱ्हाइनकाठच्या प्रयोगशाळेत काय घडले हे सांगितल्याशिवाय तो त्याच वर्षांत एवढा का वाढला हे मुलांना कळणार नाही. अभ्यासक्रम ठरविणाऱ्या मंडळींनी युरोपच्या प्रकरणात पर्किन, ग्रेबे आणि लीबरमान यांना बिस्मार्कच्या शेजारी दोन पाने द्यावीत, आणि चंपारण्याचा धडा त्या पानांना जोडून शिकवावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.